कागदी कंदील आणि मखर: थर्माकोलबंदीच्या आधी आणि नंतर

दरवर्षी गणपती आणि दिवाळीच्या तोंडावर "परत कागदाकडे वळा" असे मेसेज फिरायला लागतात आणि त्यात हमखास एक वाक्य असतं की आपल्याकडे पूर्वापार कागदाचीच सजावट होती. हे अर्धवट खरं आहे. कार्तिकात उंच काठीवर आकाशदिवा लावायची प्रथा जुनी आहे, पण तिच्यात कागद असायचाच असं काही नाही. आणि मखर म्हणजे केळीचे खांब, आंब्याचे टाळे, फुलं आणि ऐपत असेल तर लाकूड. कागद हातानेच बनायचा, जुन्नरला, किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात, आणि तो मुख्यतः लिहिण्यासाठी जायचा. तो कातरून पताका लावणं ही चैन झाली असती. पुण्यात १९४० साली हातकागद बनवायचं केंद्र निघालं तेही स्वदेशीच्या हेतूने, सणाची आरास कुणाच्या डोक्यातही नव्हती.

म्हणजे आपण ज्याला परंपरा म्हणतो तो रंगीत कागद गिरणीतून स्वस्तात यायला लागल्यानंतरचा आहे. १८९३ नंतर सार्वजनिक गणपती वाढले, मंडप आले, मंडपाला पताका लागल्या. मग घरोघरी वीज आली आणि कंदिलात पणतीच्या जागी बल्ब बसला, त्यामुळे आतून पेट घ्यायची भीती गेली आणि पातळ पतंगी कागद बिनधास्त वापरता यायला लागला. आज साठी-सत्तरीत असलेल्यांच्या लहानपणचा कंदील तो हाच. बांबूच्या कामट्यांचे चौकोन सुतळीने बांधायचे, मैद्याची खळ शिजवायची, त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं म्हणजे झुरळं-उंदीर कागद कुरतडत नाहीत, कडेला बेगडाची पट्टी, कोपऱ्यांवर कागदाच्या करंज्या आणि खाली झिरमिळ्या. कामट्या एकसारख्या तासल्या नसतील तर सांगाडा पिळवटतो आणि मग कितीही ताणा, कागदाला सुरकुती पडणारच. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला हेच जरा सोपं करून घोटीव कागदात शिकवायचे, दुमडा, कात्रीने चिरा पाडा, गोल करून चिकटवा, झाला कंदील.

थर्माकोल आला आणि हे सगळं बघता बघता मागे पडलं. त्यात नवल नाही. तापलेल्या तारेने लोणी कापल्यासारखा कापला जातो, वजन नाही, पांढराशुभ्र, महाल-मंदिर काय हवं ते दोन दिवसांत उभं राहतं. मुंबई-पुण्यात मखरांचे अख्खे कारखाने यावर चालले, हंगामी का होईना पण शेकडो हातांना काम होतं. दुसरीकडे प्लास्टिकचे चकचकीत कंदील पावसात भिजले तरी बिघडत नव्हते, आणि दिवाळीत परतीचा पाऊस गाठतोच.

आता महाराष्ट्र सरकारची २०१८ ची बंदी. यावर अजूनही लोक तावातावाने भांडतात म्हणून जरा नीट सांगतो. गुढीपाडव्यापासून प्लास्टिकबंदी येणार अशी घोषणा आधीच झाली होती, पाडवा होता १८ मार्चला, प्रत्यक्ष अधिसूचना निघाली २३ मार्चला आणि तिच्यात पिशव्या, ताट-वाट्यांबरोबर थर्माकोलची सजावटही होती. पहिल्यांदा सापडलात तर ५ हजार दंड, दुसऱ्यांदा १०, तिसऱ्यांदा २५ हजार आणि ३ महिने कैद. हायकोर्टाने एप्रिलमध्ये स्थगिती द्यायला नकार दिला, फक्त हातातल्या मालाची विल्हेवाट लावायला २३ जूनपर्यंत वेळ मिळाला. गणपती होते १३ सप्टेंबरला. मखरवाल्यांचं म्हणणं असं की आमचा धंदा वर्षातून एकदाच, माल आधीच घेतलाय, ऑर्डरी आल्यात, निदान हा एक सीझन तरी जाऊ द्या. जुलैत कोर्टाने तेही नाकारलं.

माझ्या मते बंदी बरोबरच होती, विसर्जनानंतर चौपाटीवर थर्माकोलचा चुरा ज्याने बघितलाय तो दुसरं काही म्हणणार नाही. पण वेळ चुकली हे मान्य करायला काय हरकत आहे? हंगामी धंद्याला तीन महिने म्हणजे शून्य मुदत. आणि सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे जूनच्या अखेरीस किराणा दुकानदारांना पॅकिंगच्या प्लास्टिकमध्ये सवलत मिळाली, मखरवाल्यांना मात्र काहीच नाही. ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकलं गेलं असं त्यांना वाटलं तर त्यात चूक काय. उलट बाजूने हेही खरं की थर्माकोल सोडून पुठ्ठ्याची फोल्डिंग मखरं करणारे लोक बंदीच्या कितीतरी आधीपासून होते, त्यांना तोवर "महाग आहे हो" म्हणून गिऱ्हाईक परत पाठवत होतं, त्या वर्षी मात्र मागणी एकदम वाढली. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली, त्यातही सजावटीचा थर्माकोल होताच, त्यामुळे राज्यातला वाद कायद्यापुरता तरी मिटला.

मधल्या काळात लॉकडाऊन झाला, बाजार बंद, मुलं घरात, मग व्हिडिओ बघून क्रेप पेपरची फुलं, जुन्या लग्नपत्रिकांचे कंदील, वर्तमानपत्राच्या सुरळ्यांचं मखर असं घरोघरी सुरू झालं आणि त्यातून किटचा धंदा उभा राहिला. किट म्हणजे पुठ्ठा मशीनने आधीच कापलेला, खाचा पाडलेल्या, आपण फक्त खाचेत खाच अडकवायची. याला हाताने केलेलं म्हणायचं का हा प्रश्न आहे, पण पाच वर्षांच्या पोराला जमतं हे खरं.

गोची वेगळीच आहे. बाजारात "इको-फ्रेंडली" म्हणून मिळणाऱ्या कितीतरी कागदी कंदिलांवर चकाकीसाठी प्लास्टिकचा पातळ थर असतो, कोपरा फाडून बघितलात की पापुद्रा वेगळा निघतो. असा कागद धड रद्दीत जात नाही, धड कुजत नाही. साधा घोटीव किंवा पतंगी कागद हवा असेल तर स्टेशनरीवाल्याकडे मुद्दाम मागावा लागतो, आणि बांबूचा नुसता सांगाडा दिवाळीच्या आधी माहीमच्या कंदील गल्लीत किंवा पुण्यात बुरूड आळीला विचारून बघा, कागद घरी चिकटवता येईल.