व्हेराक्रिप्टच्या कप्प्यात पासवर्ड नेमके काय करतो?

संगणक सुरू करताना टाकायचा पासवर्ड आपल्या फायलींचे रक्षण करतो, हा समज सार्वत्रिक आहे. पण डिस्क कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदललेली, नसेल, तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडताच सगळे काही वाचता येते. आयकराची विवरणपत्रे, वैद्यकीय अहवाल किंवा खरेदीखताच्या प्रती यांसाठी म्हणूनच वेगळा कूटबद्ध कप्पा असावा. व्हेराक्रिप्ट या मोफत प्रोग्रामने तो तयार करता येतो. २०१३ साली ट्रूक्रिप्ट या तशाच जुन्या प्रोग्रामच्या आधारे तो पुढे आला, आणि २०१४च्या मे महिन्यात ट्रूक्रिप्टच्या निनावी कर्त्यांनी आपले काम अचानक थांबवल्यावर अनेकांनी त्याचाच आश्रय घेतला.

कप्पा म्हणजे ठरावीक आकाराची, समजा १० जीबीची, एकच फाईल. ती तयार होताना प्रोग्राम माउस वेडावाकडा फिरवायला सांगतो. हे पोरकट वाटते खरे, पण त्या हालचालींतली अनिश्चितता मुख्य किल्ली, म्हणजे एक लांबलचक गुप्त आकडा, घडवताना उपयोगी पडते, आणि कप्प्यातली माहिती कूटबद्ध होते ती या किल्लीने, पासवर्डने नव्हे. त्यासाठी सहसा वापरली जाणारी एईएस ही पद्धत दोन बेल्जियन संशोधकांनी रचलेली असून अमेरिकेने २००१ मध्ये ती प्रमाण म्हणून स्वीकारली.

ही मुख्य किल्ली फाईलच्या सुरुवातीच्या ५१२ बाइटांत, म्हणजे शीर्षभागात, असते. त्यांतले पहिले ६४ बाइट कसेही निवडलेले असतात; त्यांना सॉल्ट म्हणतात, आणि ते कूटबद्ध नसतात. उरलेले ४४८ बाइट पासवर्डपासून काढलेल्या दुसऱ्या किल्लीने कूटबद्ध केलेले असतात. ती काढताना पासवर्ड आणि सॉल्ट यांच्यावर एकच गणिती प्रक्रिया, नेहमीच्या मांडणीत, पाच लाख वेळा केली जाते. कप्पा उघडताना आपल्याला थोडे थांबावे लागते ते यामुळेच, आणि पासवर्डचे अंदाज बांधत बसलेल्या चोरालाही दर अंदाजामागे तेवढीच किंमत मोजावी लागते. उलगडलेल्या मजकुराच्या आरंभी ‘व्हेरा’ ही चार रोमन अक्षरे निघाली आणि पुढच्या पडताळणीच्या बेरजाही जुळल्या, तर पासवर्ड बरोबर. पासवर्ड स्वतः कुठेही साठवलेला नसल्यामुळे तो विसरल्यास कोणाकडे दाद मागण्याची सोय नाही.

पासवर्ड बदलणे क्षणात उरकते, कारण बदलतो तो फक्त हा शीर्षभाग; मुख्य किल्ली तीच राहते. त्यामुळे कप्प्याची जुनी प्रत कोणाच्या हाती लागली, तर जुन्या पासवर्डने तिच्यातून हीच किल्ली मिळते, आणि ती नव्या पासवर्डच्या कप्प्यालाही चालते. पासवर्ड फुटल्याची शंका असेल, तर नवा कप्पा करून फायली त्यात हलवणेच इष्ट. शीर्षभाग खराब झाला, तर योग्य पासवर्ड असूनही काही हाती लागत नाही; म्हणून त्याची एक प्रत फाईलच्या शेवटी आपोआप ठेवली जाते, आणि आणखी एक आपण पेनड्राइव्हवर ठेवावी.

कप्पा उघडा असेपर्यंत मात्र संगणकात शिरलेल्या व्हायरसलाही त्यातल्या फायली आपल्याइतक्याच सहज वाचता येतात. शिवाय फायली कप्प्यात कॉपी केल्या तरी मूळ प्रती डिस्कवर तशाच राहतात, आणि त्या डिलीट केल्यानंतरही बरेचदा परत मिळवता येतात.