तलाव की पाणथळ? इंदूरच्या उद्यानांतील देशी पाणवनस्पतींची पार्श्वभूमी

इंदूरचे मोठे तलाव माणसांनी बांधलेले आहेत. सिरपूरचा तलाव होळकरांच्या अमलात, विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. गंभीर नदीवरचा यशवंत सागर त्यानंतरचा आणि शहराच्या पाणीपुरवठ्यासाठीचा. नर्मदेचे पाणी १९७८ साली शहरात आले, तसे जुन्या तलावांकडे दुर्लक्ष होत गेले आणि सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी, काठाला बेशरम, असे त्यांचे रूप झाले. या दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातल्या.

खरा गुंता ‘पाणथळ जागा’ या संज्ञेत आहे. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी इराणमधल्या रामसर इथे १९७१ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने नैसर्गिक आणि कृत्रिम असा भेद केला नव्हता आणि भारत १९८२ मध्ये त्यात सामील झाला. मात्र २०१७ च्या केंद्रीय नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा मनोरंजनासाठी मुद्दाम बांधलेली तळी व्याख्येतून वगळली. म्हणजे तलावात आज काय जगते यापेक्षा तो कशासाठी खणला होता याला अधिक वजन आले, आणि हा निकष मला मुळातच चुकीचा वाटतो. सिरपूर आणि यशवंत सागर यांना २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला, त्यामुळे त्यांना नियमांचे छत्र लाभले. पण बागेतले, फिरायला येणाऱ्यांसाठी खणलेले तळे कागदावर पाणथळ ठरतच नाही. पिपलियापाला तलाव आधीचा आणि त्याभोवतीचे रीजनल पार्क नंतरचे, तर अशा ठिकाणी हेतू कोणत्या काळातला धरायचा?

या व्याख्येचा परिणाम थेट काठावर दिसतो. तळे केवळ शोभेचे मानले की त्याला उभी दगडी भिंत बांधली जाते आणि उथळ, चिखलाचा उतार नाहीसा होतो. पाणकणीस, लव्हाळा, देवनळ या देशी पाणवनस्पतींना हाच उतार लागतो. कमळाला त्याहून थोडे खोल पाणी आणि मुळे रोवायला गाळ लागतो. पाणकणसाचा देठ आडवा कापला तर आत हवेच्या कप्प्यांची जाळी दिसते. याच वाटेने हवा मुळांपर्यंत उतरते आणि मुळांभोवतीचे जिवाणू सांडपाण्यातली घाण पचवतात. तरंगत्या जलपर्णीचा जाड थर मात्र खालच्या पाण्याचा प्रकाश अडवतो. तरीही ‘देशी लावले की काम झाले’ ही समजूत खरी नाही, कारण पाणकणीस वेळेवर कापून बाहेर काढले नाही तर ते तिथेच कुजते, शोषलेली पोषकद्रव्ये पुन्हा पाण्यात मिसळतात आणि काही वर्षांत उघडे पाणीच उरत नाही.

एका बागेत मी जलपर्णी काढण्याचे काम पाहिले होते. काढलेला ढीग तळ्याच्या काठावरच ठेवला होता; पहिल्या जोरदार पावसात त्यातला बराच भाग वाहून परत पाण्यात गेला आणि दिवाळीपर्यंत तळे पुन्हा हिरवे झाले. त्याच काठावर सुशोभीकरण म्हणून कर्दळ लावली होती, आणि तीही परदेशी.

जानेवारी २०२५ मध्ये इंदूरला, उदयपूरसह, रामसर करारांतर्गत पाणथळ शहराची मान्यता मिळाली. देशात ही पहिलीच दोन शहरे. मान्यता साऱ्या शहराला आहे, पण बागांतली लहान तळी अजूनही व्याख्येबाहेर आहेत, आणि त्यांचे काठ कसे बांधायचे हे त्या त्या कामाच्या निविदेत ठरते.