बालवाडी मानांकनाची सुरुवात

बालवाडी मानांकन म्हणजे साधारण ३ ते ६ वयाच्या मुलांचं केंद्र ठरलेल्या निकषांवर बाहेरच्या तटस्थ संस्थेकडून तपासून घेणं. हे स्वतःहून करायचं असतं. सरकारी नोंदणी किंवा परवानगी ही वेगळी गोष्ट, पण सातारा-सांगलीकडे दोन्ही सर्रास एकच समजतात आणि दारावर आयएसओची पाटी लागली की काम झालं असं धरतात. आयएसओ ९००१ हे मुळात व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र आहे, कारखान्यालाही तेच मिळतं. त्यानिमित्तानं रेकॉर्ड नीट लागतं, रंगरंगोटी होते, हे चांगलंच, पण मूल वर्गात दिवसभर काय करतं हे बघणं त्याचा मुख्य विषयच नाही.

फक्त लहान मुलांच्या केंद्रांसाठी अशी व्यवस्था अमेरिकेत एनएईवायसी (लहान मुलांच्या शिक्षणासाठी काम करणारी राष्ट्रीय संघटना) या संस्थेनं १९८५ मध्ये सुरू केली. त्यांची मानकं १०, त्यात मुलांशी नातं, अभ्यासक्रम, शिकवणं, आरोग्य, कुटुंबाशी संबंध, परिसर, व्यवस्थापन वगैरे सगळं येतं. ४ वर्षांच्या मुलांचा गट तिथे २० चा आणि १० मुलांमागे एक मोठं माणूस धरतात. आपल्याकडे १९७५ पासून एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतल्या अंगणवाड्या आहेत, २०१३ च्या राष्ट्रीय धोरणासोबत गुणवत्तेचे निकष आले, २०२० च्या शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ हा पायाभूत टप्पा धरला आणि त्याचा आराखडा २०२२ मध्ये आला. खाजगी प्लेस्कूलसाठी बालहक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस सांगितलीय आणि ३ वर्षांखालचं मूल घेऊ नये असंही. सुरुवात करताना आधी नोंदणी आणि या किमान अटी पुऱ्या करायच्या, त्या अर्धवट ठेवून मानांकनाच्या मागे लागणं म्हणजे पाया न भरता भिंत उचलणं.

खरी सुरुवात स्वयंमूल्यमापनानं होते आणि बहुतेक ठिकाणी गाडी इथेच चुकते, कारण लोक आधी फायली करायला बसतात. आधी वर्गात बसावं. कोपऱ्यात वही घेऊन अर्धा तास एकाच मुलाकडे बघायचं आणि दिसेल तेवढंच लिहायचं, म्हणजे ताई त्याच्याशी किती वेळा बोलल्या, त्यातलं 'गप बस', 'हात नको लावू' किती आणि खऱ्या गप्पा किती, त्याला स्वतःला काही निवडता आलं का की सगळा वेळ पाटीवर गिरवण्यातच गेला. मग उठून नळाची उंची बघायची, संडासाची कडी आतून मुलाला उघडता येते का ते बघायचं, हात धुतल्यावर पुसायला काय आहे ते बघायचं. मदतनीस ताईंना हे सगळं बघणाऱ्या टीममध्ये घ्यायलाच हवं, कोणतं मूल डबा उघडत नाही, कोण रोज रडत येतं हे बऱ्याचदा त्यांनाच आधी कळतं. दोन-तीन पालकही घ्यावेत, आणि फक्त कौतुक करणारे नकोत.

निकष कागदावर सगळ्यांना सारखे असले तरी पुरावा गावागावाप्रमाणे वेगळा लागतो. जत तालुक्यात कितीतरी मुलं घरी कन्नड बोलतात, तिथे गोष्ट दोन्ही भाषांत सांगितली जाते का हा कळीचा प्रश्न, कारण पायाभूत आराखड्याचा भरच घरच्या भाषेवर आहे. पाटण-महाबळेश्वरच्या पावसात मैदान असून उपयोग नाही, आत उड्या मारायला जागा लागते. कृष्णाकाठी २०१९ चा महापूर सगळ्यांनी पाहिलाय, म्हणून तिथे आपत्ती योजना म्हणजे भिंतीवरचा तक्ता एवढंच पुरत नाही, कोणत्या मुलाला कोण घेऊन जाणार, फोन नंबर कुठे, रजिस्टरं किती उंचावर, हे सेविकेला तोंडपाठ पाहिजे. ऊसतोडीच्या हंगामात कोप्यांवरची, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपड्यांतली मुलं मधेच येतात, मधेच जातात, त्यांना हजेरीपटावर कसं घेता आणि वर्गात कसं सामावता हेही लिहून ठेवावं.

या निरीक्षणातून सुधारणांची यादी निघते. कडी, नळ, साबण ही कामं आठवड्यात होतात, पण ताईंची बोलायची सवय बदलायला महिने लागतात आणि त्याची घाई करू नये. यादीतली बरीच कामं मार्गी लागली की मगच मानांकन देणाऱ्या संस्थेकडे अर्ज आणि फी भरायची. पुढे कागद तपासले जातात, मूल्यांकन करणारे प्रत्यक्ष येऊन वर्ग बघतात, आणि मिळालेलं मानांकन मुदतीचं असतं, एनएईवायसीचं ५ वर्षांचं, त्यानंतर पुन्हा तपासणी.