पैसे देताना बसणारा चटका

कोरियन भाषेत 'तिक्कुल मोआ थेसान' अशी एक म्हण आहे. धुळीचे कण गोळा करत राहिले तर त्यांचाही डोंगर होतो, असा तिचा अर्थ; आपल्या 'थेंबे थेंबे तळे साचे'ची ती सख्खी बहीणच म्हणायला हवी. या म्हणीतल्या डोंगराच्या जागी 'रोमान्स' हा शब्द बसवून २०११ साली दक्षिण कोरियात एका चित्रपटाचे नाव ठेवले गेले. इंग्रजीत 'पेनी पिंचर्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या हलक्याफुलक्या प्रेमकथेत सोंग जूंग-की याने बेकार, पण हात सैल असलेल्या तरुणाची आणि हान ये-सुल हिने त्याच्या शेजारी राहणाऱ्या, पै पै जोडणाऱ्या मुलीची भूमिका केली आहे. अवघे ५० वॉन कमी पडल्यामुळे नायकाचे प्रेमप्रकरण अडते, तर नायिकेला प्रेम हीच एक न परवडणारी चैन वाटते. त्या काळी कोरियात बिअरची रिकामी बाटली दुकानात परत केली की ५० वॉन आणि सोजू या दारूची बाटली परत केली की ४० वॉन अनामत हातात पडत असे. म्हणजे ज्या रकमेवाचून नायकाचे अडले, ती नायिकेच्या हिशेबी रस्त्याच्या कडेला पडलेली एक बाटली होती.

कंजूष माणसाला कोरियन लोक 'खारट' म्हणतात आणि आपण 'चिकट' म्हणतो. दोन्ही शब्द बाहेरून बघणाऱ्याचे आहेत. खर्च करताना त्या माणसाला स्वतःला काय वाटते, हा प्रश्न विज्ञानाने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत नीट विचारला आणि मला तरी त्याचे उत्तर कंजूषपणाच्या आपल्या सगळ्या कल्पना बदलून टाकणारे वाटते.

ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टीन या संशोधकांनी १९९८ मध्ये असे मांडले की वस्तू मिळण्याच्या आनंदासोबत पैसे देण्याची एक वेदनाही असते आणि खर्चाचा निर्णय या दोहोंच्या ओढाताणीतून होतो. २००७ मध्ये ब्रायन क्नुटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही ओढाताण मेंदूत दिसते का, ते तपासले. चुंबकीय प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपलेल्या व्यक्तीला आधी चार सेकंद नुसती वस्तू दाखवली जाई, मग चार सेकंद तिची किंमत आणि त्यानंतर घ्यायची की नाही हे ठरवायला चार सेकंद दिले जात. वस्तू मनात भरली तर सुखाच्या अपेक्षेशी निगडित असलेला न्यूक्लिअस अॅकम्बन्स हा भाग सक्रिय होई. किंमत अवाच्या सवा वाटली तर इन्सुला सक्रिय होई आणि त्या व्यक्तीने 'नको' म्हणण्याची शक्यता वाढे. इन्सुलाचा संबंध शारीरिक वेदना आणि किळस यांच्याशी आहे. तो भाग इतरही अनेक कामे करतो, त्यामुळे 'किंमत पाहून मेंदू दुखतो' असे सरसकट विधान करणे घाईचे ठरेल. पण निर्णय तोंडातून बाहेर पडण्याआधीच आत काहीतरी नकार देत असते, एवढे या प्रयोगातून नक्की दिसते.

हा चटका सर्वांना सारखा बसत नाही. स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि लोवेनस्टीन यांनी २००८ मध्ये १३,००० हून अधिक लोकांच्या उत्तरांच्या आधारे माणसांची विभागणी केली आणि त्यासाठी लावलेला निकष फार मार्मिक होता. किती खर्च करता, एवढ्यावर ते थांबले नाहीत. जेवढा खर्च करावासा वाटतो त्यापेक्षा प्रत्यक्षात कमी होतो की जास्त, हे त्यांनी विचारले. या मोजपट्टीवर कंजूष म्हणजे खर्च करण्याची इच्छा असूनही हात आखडणारा आणि उधळ्या म्हणजे नको असतानाही हात सुटणारा. दोघेही स्वतःवर नाराज असतात. काटकसरी माणूस यांच्याहून वेगळा, कारण त्याला साठवण्यातच आनंद मिळतो. या पाहणीत उधळ्यांपेक्षा कंजूष अधिक निघाले, साधारण दोनास तीन या प्रमाणात. पाच डॉलरच्या शुल्काला 'पाच डॉलरचे किरकोळ शुल्क' म्हटले, तेव्हा ते भरायला तयार होणाऱ्या कंजूषांचे प्रमाण लक्षणीय वाढले. एका विशेषणाने चटका सौम्य होतो, हे विक्रेत्यांना संशोधकांच्या आधीपासून ठाऊक असावे.

आता चित्रपटातल्या जोडीकडे वळू. शिक्षण, धर्म, वय यांबाबत माणसे बहुधा आपल्यासारखाच जोडीदार निवडतात. पैशाच्या बाबतीतही अविवाहितांना विचारले, तर आपल्यासारखाच हवा असे ते सांगतात. रिक, डेबोरा स्मॉल आणि एली फिंकेल यांनी २०११ मध्ये, म्हणजे योगायोगाने चित्रपटाच्याच वर्षी, अमेरिकेतील विवाहितांच्या पाहण्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा प्रत्यक्षात उलटे चित्र दिसले: कंजूष आणि उधळे एकमेकांशी लग्न करण्याकडे झुकतात. स्वतःच्या स्वभावातली जी खोड आपल्याला नकोशी झालेली असते, ती ज्याच्यात नाही त्याची ओढ वाटते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले. हात आखडणाऱ्याला दुसऱ्याचा मोकळेपणा मोहवतो, हात सुटणाऱ्याला दुसऱ्याची शिस्त.

लग्नानंतर मात्र हाच फरक पैशावरून होणाऱ्या भांडणांत उतरतो आणि त्यातून संसारातले समाधान घटते. घरातली बचत आणि क्रेडिट कार्डाचे कर्ज हिशेबात धरूनही हा परिणाम टिकून राहिला. बँकेत पुरेसे पैसे असले तरी भांडण होते, कारण एकाच पावतीकडे पाहून एकाला चटका बसतो आणि दुसऱ्याला तो का बसावा हेच कळत नाही.

रिक, स्मॉल आणि फिंकेल यांनी पुढे जेनी ऑल्सन यांच्यासमवेत २३० जोडप्यांवर दोन वर्षे एक प्रयोग केला आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लग्न ठरलेल्या किंवा नुकत्याच झालेल्या या जोडप्यांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून संयुक्त खाते वापरायला सांगितले, काहींना स्वतंत्र खाती ठेवायला सांगितली आणि उरलेल्यांना काहीच सांगितले नाही. स्वतंत्र खातेवाल्यांच्या आणि काहीच न सांगितलेल्यांच्या नात्यातली गोडी दोन वर्षांत ओसरली; संयुक्त खातेवाल्यांची टिकून राहिली. पासबुक एकच असेल तर प्रत्येक खर्च दोघांच्याही डोळ्यांसमोर येतो, आणि 'माझे-तुझे' यापेक्षा 'आपले' म्हणून तो पाहिला जातो, असे संशोधकांना वाटते.