लेव्हेनहूकची चूळ

सकाळी दात घासण्याआधी दातांच्या मागून जीभ फिरवून पाहा. जो बुळबुळीत थर जिभेला लागतो, त्याचीच ही गोष्ट.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी अन्तोनी व्हॅन लेव्हेनहूक याने १६८३ साली दातांवरचं कीटण खरवडून स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरलं आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीला हे कळवताना त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि मला ती त्या शोधाइतकीच मोलाची वाटते. व्हिनेगरने दात धुतले तर कीटणाच्या वरवरचे जीव मरतात, आतले जिवंत राहतात.

या थराला आज बायोफिल्म म्हणतात. पाण्यात सुटे पोहणारे जीवाणू कशाला तरी चिकटले, की साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकट गिलावा स्वतःभोवती घालतात. मोरीच्या फरशीवर तो असला तर काथ्याने घासून निघतो. पण लघवीच्या नळीवर, हृदयाच्या कृत्रिम झडपेवर किंवा बदललेल्या गुडघ्यावर बसला, तर घासणार कुठे? गुडघा सुजतो, ताप येतो, अँटिबायोटिकचा कोर्स होतो, ताप उतरतो. घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि कोर्स संपला की सूज पुन्हा हजर. रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट बऱ्याचदा 'काही वाढलं नाही' असाच येतो, कारण जीवाणू रक्तात नसतात, धातूला चिकटून बसलेले असतात. शेवटी सर्जन म्हणतात, सांधा उघडावा लागेल.

औषध गिलाव्यातून आत शिरत नाही, असं सहसा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. अनेक औषधं आत पोचतात, पण तळाशी प्राणवायू आणि अन्न इतकं कमी असतं की तिथले जीवाणू जवळजवळ झोपलेलेच असतात. पेनिसिलिन जीवाणूची भिंत बांधली जात असताना ती मोडतं. ज्याने बांधकामच थांबवलंय, त्याचं ते काय मोडणार? १९४४ साली डब्लिनचे जीवाणुतज्ज्ञ जोसेफ बिगर यांना दिसलं, की पेनिसिलिनमधूनही दहा लाखांत एखादा स्टॅफिलोकोकस जीवाणू वाचतो. गंमत म्हणजे त्याची पुढची पिढी पेनिसिलिनने नेहमीसारखीच मरते. म्हणजे हे बंडखोर नव्हेत, नुसते झोपाळू.

आता बेडकाकडे. अमेरिकेत संशोधक मायकेल झॅस्लॉफ आफ्रिकी नखवाल्या बेडकांची पोटं चिरून अंडाशय काढत, टाके घालत आणि त्यांना पुन्हा टाकीतल्या गढूळ पाण्यात सोडत. जखमा चिघळायला हव्या होत्या, त्या छान भरून येत. कातडी तपासल्यावर १९८७ मध्ये त्यांना तिच्यात २३ अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनांच्या विटांच्या, साखळ्या सापडल्या. ढालीसाठी हिब्रूत असलेल्या शब्दावरून त्यांनी नाव ठेवलं मॅगेनिन.

अशा तुकड्यांना सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडं म्हणतात. बहुतेकांवर धन विद्युतभार असतो, जीवाणूच्या पडद्यावर ऋण. पेप्टाइड त्यावर चिकटतं आणि पडदा फाटतो. आपल्या पेशींची बाहेरची बाजू बरीचशी भाररहित असल्याने त्या बहुधा वाचतात. पडदा तर झोपलेल्या जीवाणूलाही असतोच, म्हणून बायोफिल्मवाल्यांचे कान टवकारले.

असली पेप्टाइडं माणसातही आहेत. एलएल-३७ हे त्यांतलं एक, ३७ अमिनो आम्लांचं, आपल्या पांढऱ्या पेशींत आणि श्वासनलिकेच्या अस्तरात असणारं. २००८ साली कॅनडात स्यूडोमोनास नावाच्या जीवाणूवर त्याचा प्रयोग झाला. सुटे जीवाणू रोखायला दर मिलिलिटरला ६४ मायक्रोग्रॅम लागले. बायोफिल्म बनणं अडवायला अर्धा मायक्रोग्रॅम पुरला. इतक्या कमी मात्रेत जीवाणू मरत नाहीत, ते नीट चिकटेनासे होतात आणि इकडेतिकडे भटकू लागतात. मला या विषयातलं सगळ्यात आशादायक वाटतं ते हेच. मारण्यापेक्षा बस्तान बसू न देणं स्वस्तात होतं.

काचेच्या नळीतलं हे यश रुग्णापर्यंत पोचताना मात्र धापा टाकतं. शरीरातली विकरं (एन्झाइम) पेप्टाइड चटकन तोडतात, ते बनवणं महाग पडतं, मात्रा वाढली की आपल्याही पेशींना त्रास होतो. त्यात गिलाव्यातला डीएनए ऋणभारित, तो पेप्टाइडलाच वाटेत धरून ठेवतो. मॅगेनिनवरून बनवलेलं पेक्सिगॅनन हे मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठीचं मलम १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नाकारलं. आणि जीवाणू पेप्टाइडांना सरावत नाहीत, हा दावा कोलिस्टिनने कधीच खोटा पाडलाय. तेही पेप्टाइडच, आपल्या अतिदक्षता विभागांतलं शेवटच्या फळीचं औषध. २०१५ मध्ये चीनमध्ये असं जनुक सापडलं, जे असलेले जीवाणू त्याला दाद देत नाहीत आणि जे एका जीवाणूतून दुसऱ्यात जातं. २०१९ मध्ये भारताने कोंबड्या आणि इतर अन्नजनावरांसाठी कोलिस्टिन बंद केलं. म्हणून मला सुईतून देण्याच्या औषधापेक्षा नळ्या आणि कृत्रिम सांध्यांवरच्या पेप्टाइडच्या लेपाकडून जास्त अपेक्षा आहेत.

राहिलं लेव्हेनहूकचं कीटण. कॉस्टमान नावाच्या दुर्मिळ जन्मजात आजारात रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी फार कमी असतात. उपचारांनी त्यांची संख्या वाढवता येते, तरीही या रुग्णांच्या हिरड्या गंभीरपणे आजारी राहतात. २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी त्यांच्या पेशी आणि लाळ तपासली. पेशी होत्या, त्यांत एलएल-३७ जवळजवळ नव्हतं.