पाणी उतरलं, मग गाडी का नाही?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांपासून कोल्हापुरात एक समज घट्ट बसलाय: पंचगंगेचं पाणी उतरलं, रूळ दिसायला लागले, की मिरजेची गाडी लगेच सोडता येते, रेल्वेवाले उगाच वेळ काढतात. हे खरं नाही.

रुळांचा भार पेलते ती खडी आणि तिच्याखालचा मातीचा भराव. पूर ओसरताना भरावात मुरलेलं पाणी बाहेर पडतं आणि माती सोबत नेतं. वरून रूळ सरळसोट दिसतो, खाली स्लीपर, म्हणजे रुळांना धरून ठेवणारा आडवा ठोकळा, अधांतरी असतो! गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे कामगार, चिखलातून पायी चालत, वाकून वाकून, हीच पोकळी शोधतात. ही माणसं वेळ काढत नसतात, प्रवाशांचा जीव सांभाळत असतात. पंचगंगेवरच्या रुकडीच्या रेल्वे पुलावर तर खांबांच्या पायाशी धूप झालीय का, तेही पाहावं लागतं.

सिग्नल आणि पॉइंटच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याच्या) मोटारींची तपासणी वेगळीच. मग आधी नुसतं इंजिन किंवा मालगाडी सावकाश नेऊन बघतात. त्यानंतर प्रवासी गाडी सुटते, तेव्हाही कुठून कुठवर किती वेग ठेवायचा याचा लेखी आदेश चालकाच्या हातात असतो. सुरुवातीचे काही दिवस गाडी रेंगाळते ती त्यामुळे.