लाइटबिल भरायचं राहतंय: एडीएचडी की डिप्रेशन?

लाइटबिलाचंच घ्या. मेसेज आलाय, खात्यात पैसे आहेत, फोनमध्ये अ‍ॅप आहे, दोन मिनिटांचं काम आहे आणि तरी शेवटची तारीख उलटून जाते. एखाद्या वेळी कुणाचंही होतं, पण दर महिन्याला असंच होत असेल, आणि बिलाबरोबर ऑफिसचे रिपोर्ट, मेलचे रिप्लाय, डॉक्टरची अपॉइंटमेंट सगळंच रखडत असेल, तर त्यामागे मोठ्या वयातला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जातं ती मेंदूची अवस्था, असू शकतो किंवा डिप्रेशन असू शकतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं आणि घरचे दोघांनाही आळशीच म्हणतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दोन्हीत मार बसतो तो एक्झिक्युटिव्ह फंक्शनला. म्हणजे काम सुरू करणं, मध्येच दुसरं काही आलं तर स्वतःला आवरणं, डोक्यात एका वेळी तीन-चार गोष्टी धरून ठेवणं, कशाला किती वेळ लागेल याचा अंदाज घेणं. ही कामं मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागातून, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधून चालतात. पण अडतं मात्र वेगवेगळ्या ठिकाणी.

एडीएचडी असलेला माणूस बिल भरायलाच फोन हातात घेतो, तेवढ्यात शाळेच्या ग्रुपवर फीचा मेसेज दिसतो, मागची पावती कुठंय म्हणून ड्रॉवर उघडतो, ड्रॉवरमध्ये जुना चार्जर सापडतो, तो चालतो का बघायला प्लगपाशी जातो, आणि तासाभराने लक्षात येतं की बिल तसंच आहे. तोच माणूस त्याच रात्री हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकचं प्लॅनिंग करायला बसला की चार तास जागचा हलत नाही, एसटीच्या वेळांपासून कोण काय डबा आणणार इथपर्यंत सगळं एक्सेलमध्ये. मग घरचे म्हणतात, हे बरं जमतं! पण खरंच तसंच असतं. काम नवीन असेल, आवडीचं असेल किंवा डेडलाइन डोक्यावर आलेली असेल तर मेंदू चालतो, नुसतं महत्त्वाचं आहे एवढ्यावर चालत नाही. यात डोपामिन आणि नॉरएड्रेनालिन या मेंदूतल्या रसायनांचा संबंध आहे, इच्छाशक्तीचा नाही.

डिप्रेशनमध्ये माणूस अ‍ॅप उघडतो, आकडा बघतो आणि बंद करतो. लक्ष दुसरीकडे गेलेलं नसतं, कुठेच जात नसतं. ट्रेकचा ग्रुपही म्यूट केलेला असतो, आवडीचं जेवणही बेचव लागतं, झोप-भूक बिघडते, साधा निर्णय घेताना दमायला होतं आणि वर सगळी चूक आपलीच असं वाटत राहतं.

पण सगळ्यात कामाचा प्रश्न माझ्या मते एकच, कधीपासून? डिप्रेशनला बहुतेक वेळा सुरुवात सांगता येते, गेल्या दिवाळीपर्यंत ठीक होतो, नंतर बिघडलं असं. एडीएचडी लहानपणापासून असतो. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 नुसार, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या अमेरिकन पुस्तकानुसार, काही लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधी दिसलेली असावी लागतात, आणि लक्षणं घर, शाळा, नोकरी अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. म्हणून तर सायकिअ‍ॅट्रिस्ट आईला घेऊन या म्हणतात, जुनी प्रगतीपुस्तकं मागतात. त्यात "हुशार आहे, पण लक्ष देत नाही" असे शेरे वर्षानुवर्षं सापडले तर ती माहिती सोन्यासारखी. मुलींचं बऱ्याचदा सुटतं कारण त्या दंगा करत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात. आणि दप्तर आई भरत होती तोवर निभावलं, नोकरी, लग्न, मूल एकदम अंगावर आलं तेव्हा सगळं कोसळलं, असं कितीतरी जणींचं होतं.

दोन्ही एकत्रही असतं, आणि गोंधळ इथेच जास्त होतो. वर्षानुवर्षं बोलणी खाल्लेल्या माणसाला डिप्रेशन येतं, त्याची गोळी सुरू होते, रडू थांबतं, जेवण जायला लागतं, पण बिल तसंच राहतं, मग डॉक्टरला सांगायचीही लाज वाटते. कृपया सांगा. डिप्रेशन खूप असेल तर आधी त्यावरच उपचार करतात, पण मूड सुधारूनही कामं अडत असतील तर एडीएचडीचं बघायला हवं. औषधंही वेगळी आहेत, मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाचा परिणाम त्याच दिवशी जाणवू शकतो, डिप्रेशनच्या गोळ्यांना काही आठवडे लागतात. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक मेडिकलमध्ये नसतं.

थायरॉइड, बी12 आणि झोप पण तपासून घ्या, घोरणं जास्त असेल तर नक्कीच. आणि जगणंच नको वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.